तीन बोटं मूळ

धाकट्याच्या घरी चहा प्यायचा म्हणजे थोरली सकाळपासूनच न जायची कारणं शोधायला लागायची. चहा वाईट नसायचा; धाकटी, म्हणजे तिची जाऊ, चहा झकास करायची. प्रश्न होता तो दिराचा. या माणसाने उजव्या करंगळीचं नख वाढवलं होतं, चांगलं पेरभर, आणि संसारातल्या प्रत्येक कामाला तो ते वापरायचा. कानातला मळ त्या नखाने, दातात अडकलेलं त्या नखाने, पाकिटं फोडायची त्या नखाने आणि साखर ढवळायची तीही त्याच नखाने. स्वतःच्या कपातली ढवळेना का, मरेना! पण एकदा "थांबा वहिनी, साखर खाली बसलीय" म्हणत त्याने तिच्या कपात करंगळी फिरवली. तेव्हापासून त्या घरी गेलं की ती कप हातात धरून बसायची आणि संधी मिळाली की बेसिनमध्ये ओतून यायची.

तरीही ती त्या घरी सलग बारा रविवार गेली. स्वतःच्या पायांनी गेली, हसतमुखाने गेली, वर दर खेपेला बिस्किटांचा पुडा घेऊन गेली. का गेली, ते ऐका.

थोरलीला किळस फार लवकर यायची. ती ते लपवायचीही नाही. बत्तीस वर्षं तिने एका मोठ्या इस्पितळाच्या धोबीखात्यात काढली होती. धुऊन आलेली चादर उजेडात धरायची, डाग दिसला की परत पाठवायची, हे तिचं काम. निवृत्तीच्या दिवशी ओळखपत्र जमा करता आलं, डाग शोधायची सवय कुठे जमा करणार? ती सवय घरी आली. नवं माणूस भेटलं की थोरली त्याच्या तोंडाआधी त्याचे हात बघायची आणि हातांत काहीतरी सापडायचंच.

नवरा अगदी उलटा. तो कवळ्या बनवायचा. लोकांच्या हिरड्यांचे साचे घरभर पडलेले, टेबलावर दात, खिडकीत दात, एकदा तर साखरेच्या डब्यावर दात. त्याचं थोरलीला कधी काही वाटलं नाही, कारण त्याचे हात स्वच्छ असायचे. कामाच्या खोलीच्या टोकाला काचेचं लांबट खिडकीघर होतं आणि त्यात त्याची ऑर्किडं. मेण वितळवायच्या दिव्यावर ब्लेड तापवून, ते स्पिरिटने पुसून तो झाडांना हात लावायचा. त्याची एक ठरलेली पद्धत होती. फुलाच्या दांडीवर कधीकधी, कळी यायच्या जागी, पेरातून छोटं झाड फुटतं. त्याला तो पिल्लू म्हणायचा. पिल्लाला दोन-तीन पानं येतात, मग मुळं हवेत लोंबायला लागतात. ती मुळं तीन बोटं लांब झाल्याशिवाय ब्लेड लावायचं नाही, म्हणजे नाही. मग कापायचं, जखमेवर दालचिनीची पूड दाबायची, ओल्या शेवाळात बसवायचं. पिल्लू म्हणजे आईची हुबेहूब प्रत. बी पेरलं तर काय उगवेल ते सांगता येत नाही, पिल्लाचं मात्र फूल तेच, रंग तोच, खोडही तीच.

त्याने स्वतः दोन झाडांचा संकर करून, बाटलीत बी रुजवून, सात वर्षं वाट बघून एक फूल आणलं होतं. पिवळट हिरवं, आणि खालच्या पाकळीवर, फक्त डाव्या बाजूला, एक तपकिरी फराटा. कुणी चहाचा ओला अंगठा पुसावा तसा. दांडीवरच्या प्रत्येक फुलाला तो तसाच आणि तिथेच. पहिलं फूल उमललं तेव्हा तो थोरलीला हाताला धरून घेऊन गेला होता.

"बघ, तुझ्यासाठी मुद्दाम डागाचं आणलंय. पाठव आता परत धोब्याकडे!"

ती हसली होती. आयुष्यात तिला आवडलेला तो एकमेव डाग.

पुढच्या वर्षी त्या झाडाच्या दांडीवर पिल्लू फुटलं. ते पहिल्यांदा दिसलं कामाच्या बाईला. तिला थोरलीचा नवरा 'इन्स्पेक्टर' म्हणायचा, कारण केर काढता काढता ती प्रत्येक कुंडीवर शेरा मारायची. "साहेब, हे पान पिवळं पडलंय. साहेब, याला पाणी जास्त झालंय." त्या दिवशी झाडू टाकून ती धावत आली होती. "साहेब, दांडीला बाळ झालंय!" नवरा खूश. थोरली नाही. बाईचे हात तिला बघवायचे नाहीत. भेगा, भेगांत काळं, नखांच्या कडा उकललेल्या. बाईने प्यालेला कप ती दोनदा उकळत्या पाण्यातून काढायची आणि खिडकीघराकडे बाई वळली की ओरडायची, "हात लावू नकोस!" रोज. कधीकधी दोनदा.

मग नवरा गेला. सकाळी पिल्लावर पाणी फवारून थोरली बाहेर आली तर तो खुर्चीत बसल्या बसल्याच गेला होता. तीन दिवस घरात माणसांची रीघ. धाकटा आला, ढसाढसा रडला आणि "दादाच्या खोलीत जरा एकटा बसतो" म्हणून दार लावून बसला. चौथ्या दिवशी थोरली खिडकीघरात गेली तर पिल्लू नव्हतं. दांडी मधूनच पिरगळून तोडलेली, सालटं लोंबत होतं. ब्लेडने कापलं असतं तरी तिला एवढं लागलं नसतं. आणि दारात इन्स्पेक्टर उभी होती. तिच्या सुपलीत पिल्लाचं फाटकं पान होतं.

"हे काय आहे?"

"इथेच पडलं होतं, बाई. केरात आलं."

"हात दाखव."

बाईने हात दाखवले. नखांत हिरवं होतं. झालं! थोरलीला डाग सापडला. ती बाई सकाळभर मागच्या भिंतीचं शेवाळ खरवडत होती, थोरलीनेच तिला त्या कामाला लावलं होतं, हे थोरलीला तेव्हा आठवलं नाही. किंवा आठवून घ्यायचं नव्हतं. ती किंचाळली, "तोडलंस, आता वर तोंड करून केरात आलं म्हणतेस? घाणेरडे हात तुझे!" बाई काहीतरी सांगू बघत होती. थोरलीने तिला दाराबाहेर काढलं आणि तेवढ्यावर न थांबता इमारतीतल्या आणखी तीन घरी जाऊन सांगून आली. महिनाअखेर ती तीन घरंही बाईच्या हातून गेली.

आणि उरलेलं झाड? ते थोरलीने मारलं. मुद्दाम नाही, मायेने. नवरा पाणी मुळांशी घालायचा, ही वरून घालायची. गाभ्यात पाणी साचलं, गाभा काळा पडला. एके दिवशी तिने पान धरलं तर ते अलगद हातात आलं, बुडाशी शेंबडासारखा लगदा, आणि असा वास की ती खिडकी उघडून पाच मिनिटं तोंड बाहेर काढून उभी होती. चिमट्याने उचलून तिने ते झाड कचऱ्यात टाकलं. त्या फुलाचं आता जगात काही उरलं नाही, असं समजून ती जवळजवळ तीन वर्षं जगली.

असं असताना एका रविवारी धाकट्याचा फोन आला. "वहिनी, या तर खरं. गंमत दाखवतो."

फ्रिजच्या डोक्यावर, सोनेरी प्लॅस्टिकच्या कुंडीत, ते फूल होतं. पिवळट हिरवं. डाव्या बाजूला तपकिरी फराटा.

खरं सांगायचं तर थोरलीला आधी आनंद झाला. इतका झाला की तिने फ्रिजचं हँडल धरलं. मग धाकट्याने तोंड उघडलं.

"दादाने दिलं होतं मला. जायच्या आठवडाभर आधी. म्हणाला, घे बाबा, तुझ्या हाताला गुण आहे. तुम्हाला बोललो नाही, म्हटलं फुलल्यावर चकित करू. काय?"

आणि तो फुलाच्या पाकळीखाली ते नख घालून पाकळी वर करून दाखवायला लागला.

थोरलीच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीआधी सुटतं ते. नवरा गेला त्या सकाळी पिल्लू दांडीवर होतं. तिने स्वतः त्याच्यावर पाणी फवारलं होतं. आणि एकच होतं, दोन नव्हती. म्हणजे भाऊ जाऊन दोन दिवस झाले नाहीत तोच या माणसाने दार लावून, रडता रडता, या नखाने... तिला पुढचा विचार करवेना. तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिला दिसलं. फुलांच्या वर, दांडीच्या शेवटच्या पेरात, दोन इवली पानं. फ्रिजच्या उबेने दांडीला पिल्लू फुटलं होतं.

"अगंबाई," ती म्हणाली.

"दिसलं ना?" धाकटी बशी पुढे करत म्हणाली. "जाऊबाई, हे मोठं झालं की तुम्हालाच हं. तुमचं नाही का त्या बाईने चोरलं? बरं झालं, भाऊजींनी ह्यांना आधीच दिलं होतं ते."

थोरलीने ओठांवर आलेलं गिळलं. धाकट्याला ती चाळीस वर्षं ओळखत होती. तोंडावर चोर म्हटलं असतं तर त्याने झाड खिडकीतून फेकलं असतं आणि वर आठ दिवस गावभर स्वतःचाच अपमान झाल्याचं सांगत फिरला असता. पिल्लाची मुळं अजून तांदळाच्या दाण्याएवढी होती. तीन बोटं व्हायला तीन महिने तरी हवेत. तीन महिने गप्प बसलं की नवऱ्याचं फूल घरी येणार होतं, बोललं की कायमचं जाणार होतं. तिने आणलेला बिस्किटांचा पुडा बशीत उलगडला आणि म्हणाली, "छान झालं हो, भाऊजी."

ते "छान झालं हो" तिच्या घशात दिवसभर चिकटून होतं. घरी येऊन तिने दोनदा दात घासले.

आणि मग रविवार सुरू झाले. ती जायची, स्टुलावर चढायची, पिल्लाच्या मुळांवर पाणी फवारायची, बोटं लावून मोजायची. पाव बोट. अर्धं बोट. धाकटीच्या घरी पाहुणे असायचेच आणि धाकट्याची गोष्ट दर रविवारी फुगायची. पहिल्यांदा दादाने नुसतं दिलं होतं. चौथ्या रविवारी दादाने हातात ठेवून हात दाबला होता. सातव्या रविवारी दादा म्हणाला होता, "तुझ्या वहिनीच्या हातून ते टिकणार नाही, तूच सांभाळ." हे सगळं तिच्यासमोर, नखाने दात कोरत. आणि गोष्टीच्या शेवटी दर वेळी ती बाई. "वहिनींकडचं कामवालीने लंपास केलं. काय करणार, असल्या लोकांच्या हाताला सवयच असते." मग सगळे थोरलीकडे बघायचे आणि थोरली मान हलवायची. हो, मान हलवायची! एक बोट. सव्वा बोट. मान हलवून झाली की ती बेसिनपाशी जाऊन चहा ओतायची, आरशात बघायची नाही.

नवव्या रविवारी जिना ओला होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर निळा ऍप्रन घातलेली एक बाई गुडघ्यांवर बसून पायरी घासत होती. थोरलीने सवयीने आधी हात बघितले, आणि हातांवरून ओळखलं.

"इन्स्पेक्टर?" तिच्या तोंडून निघून गेलं.

बाईने वर बघितलं. केस पिकले होते. "बाई तुम्ही? इथे?" मग तिची नजर वर गेली. "हां. त्यांच्याकडे."

"तू इथे कधीपासून?"

"या महिन्यापासून. जिने आणि संडास. घरकाम मिळत नाही आता." तिने हे रडून नाही, वेळ विचारल्यावर सांगावी तसं सांगितलं.

थोरलीने कठडा धरला. कठडा चिकट होता, पण तिने सोडला नाही. "ते झाड तू नव्हतं तोडलंस."

"नाही."

"मला कळलंय. भाऊजींनी तोडलं."

"मला तेव्हाच माहीत होतं," बाई म्हणाली. "मी काच पुसत होते ना बाहेरून. त्यांनी असं पिरगाळलं," तिने अंगठा आणि करंगळी फिरवून दाखवली, "आणि रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात घातलं. पान खाली पडलं ते मी उचललं. तेच सांगत होते तुम्हाला. तुम्ही म्हणालात, हात दाखव."

थोरलीला मळमळलं. दिराची किळस यायची तेव्हा ती वरवर घशापाशी यायची. ही खूप खालून आली. ती त्या ओल्या पायरीवर मटकन बसली, आयुष्यात पहिल्यांदा कुठल्यातरी सार्वजनिक पायरीवर.

"मी सांगते सगळ्यांना," ती म्हणाली. "त्याच्या तोंडावर सांगते. त्या तिन्ही घरी जाऊन सांगते. फक्त तीन आठवडे थांब. त्या झाडाला पिल्लू आलंय. मुळं दोन बोटं झालीत. आत्ता बोलले तर तो देणार नाही. साहेबांचं तेवढंच उरलंय बघ. तीन आठवडे."

बाईने फडकं बादलीत पिळलं. काळं पाणी गळलं. "तीन वर्षं झाली, बाई," ती म्हणाली. "तीन आठवड्यांचं काय एवढं. पाय उचला, ती पायरी राहिलीय."

थोरलीने पाय उचलले. वर जाऊन तिने पिल्लावर पाणी फवारलं, गोष्ट ऐकली आणि मान हलवली. दहाव्या रविवारी हलवली, अकराव्या रविवारी हलवली. जिन्यावर बाई दिसली की ती "चाललंय ना?" असं काहीतरी पुटपुटून पुढे सटकायची. घरी येऊन हात धुवायची, साबण लावून, पुन्हा लावून, आणि हातावर काहीच दिसायचं नाही म्हणून जास्तच चिडायची.

बारावा रविवार. मुळं अडीच बोटं झाली होती. थोरलीने ठरवलं, अडीच पुरे, नवरा ओरडला असता तर ओरडला असता. पिशवीत तिने त्याचा मेणाचा दिवा घेतला, नवं ब्लेड, स्पिरिटची बाटली, कागदाच्या पुडीत दालचिनीची पूड, डब्यात भिजवलेलं शेवाळ. हिशोब सरळ होता. आधी कापायचं, डब्यात घालायचं, डबा पिशवीत आणि पिशवी खांद्याला. मग बोलायचं. हा हिशोब किती ओशाळवाणा आहे ते तिला चांगलं कळत होतं, तरी तिने तो मोडला नाही.

घरात धाकट्याच्या दुकानातला एक जण बायकोला घेऊन आला होता. आपल्या नळ-फरशांच्या दुकानात नवा नळ मिरवावा तसं धाकट्याने झाड टेबलावर आणून ठेवलं. थोरलीने दिवा पेटवला, ब्लेड ज्योतीवर धरलं.

"बघा बघा, ऑपरेशन," धाकटा म्हणाला. "दादाची हत्यारं आहेत ती." मग गोष्ट सुरू झाली. दादाने हात दाबला, दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेरचं दार उघडंच होतं, जिना वाळावा म्हणून सगळ्यांचीच उघडी होती. दारासमोर बाई फडकं मारत होती. आणि गोष्ट कामवालीपाशी आली तसा धाकटा थबकला, त्याने मान लांब केली.

"अरे! वहिनी, हीच ना ती? तुमची चोरटी? हीच! आमच्या जिन्यावर! वा रे वा, उद्याच मॅनेजरला सांगतो. दारं उघडी टाकतो आपण, हिचे हात कुठे कुठे फिरतील याचा भरवसा नाही. हो की नाही, वहिनी? तुम्हीच सांगा यांना."

सगळ्यांनी थोरलीकडे बघितलं. बाईनेही बघितलं. तिने फडकं थांबवलं नव्हतं, नुसती नजर वर केली होती. थोरलीच्या हातात ब्लेड होतं आणि पिल्लू त्याच्यापासून वीतभर लांब होतं. एक मान हलवायची होती. अकरा वेळा हलवली होती, बारावी कुणी मोजली नसती.

"नाही," थोरली म्हणाली.

"काय नाही?"

"ती नाही. तुम्ही. हे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, दार लावून, त्या घाणेरड्या नखाने पिरगाळलंत आणि खिशात घातलंत. तिने काचेतून बघितलं. हे गेले त्या सकाळी पिल्लू दांडीवर होतं, मी पाणी घातलंय त्याला. त्यांनी कुणाला काही दिलं नव्हतं. आणि मी बारा रविवार इथे बसून तुमचं हे ओकलेलं गिळतेय, कारण मला हे झाड पाहिजे होतं. शी!"

धाकटीच्या हातातली बशी तशीच. धाकटा आधी हसला, पाहुण्यांकडे बघून, आणि कुणीच हसलं नाही तसा लालबुंद झाला.

"दादा माझा भाऊ होता!" तो ओरडला. "माझा काही हक्क नाही? एवढंसं झाड! तुम्ही तर होतं तेही कुजवून मारलंत! मी जगवलं! घ्या. न्या. एकदाचं घेऊन जा तुमचं ते—"

आणि त्याने पिल्लू अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत धरून पिरगाळलं. दांडी करकरली, सालटं लोंबलं. तीन वर्षांपूर्वी बघितली होती तीच फाटकी जखम थोरलीने पुन्हा बघितली, या वेळी डोळ्यांसमोर होताना. एक मूळ तुटून टेबलावर पडलं. धाकट्याने उरलेलं तिच्यासमोर धरलं, नखात हिरवा गर अडकलेला, आणि तिने हात पुढे करून ते घेतलं. दिवा विझवला, पिल्लू रुमालात गुंडाळलं, पिशवी उचलली, डबा तिथेच विसरला. दाराबाहेर आली तेव्हा मागून धाकटी "अहो, बशी तरी..." असं काहीतरी अर्थ नसलेलं म्हणत होती.

बाई दोन पायऱ्या खाली उभी होती.

"ऐकलंस ना?" थोरलीने विचारलं. तिला धाप लागली होती. "बोलले मी. सगळ्यांसमोर बोलले. उद्या मॅनेजरकडे मी येते तुझ्याबरोबर. त्या तीन घरीही जाते. मला माफ कर ग."

"ऐकलं," बाई म्हणाली. तिच्या तोंडावर काहीतरी सैल झालं, हसू म्हणता आलं नसतं, पण जुन्या दिवसांतलं, झाडू टाकून धावत यायची तेव्हाचं काहीतरी. "बघू, किती मुळं राहिली?"

थोरली घाईने रुमाल उलगडायला गेली आणि पिल्लू निसटलं. पायऱ्यांवरून दोन टप्पे घेत ते बाईच्या पायाशी, नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पडलं. बाईने हात ऍप्रनला पुसले, दोन्ही बाजूंनी नीट पुसले, आणि वाकली.

"हात लावू नकोस!"

जिनाभर आवाज घुमला. थोरलीलाच कळेना कोण ओरडलं. तसं कारण होतं. जखम उघडी होती, बाईचे हात फिनेलच्या पाण्यातले होते, उघड्या जखमेतून कूज शिरते, नवरा हजारदा सांगायचा. सगळं खरं होतं.

बाईचा हात पिल्लापासून चार बोटांवर थांबला होता. तिने तो मागे घेतला. सरळ उभी राहिली, बादली उचलून भिंतीकडे सरकवली, थोरलीला वाकायला जागा केली.

"उचला, बाई," ती म्हणाली.

थोरली खाली उतरली, गुडघ्यांवर बसली, पिल्लू उचललं. ओल्या फरशीवर तिच्या गुडघ्यांचे डाग उमटले. तिच्या तळहातावर अजून दिराच्या बोटांचा ओलसरपणा होता. त्या नखातून तिने हे घेतलं होतं, अगदी मुकाट्याने, हात पुढे करून, आणि तेव्हा ती ओरडली नव्हती.

"इन्स्पेक्टर, अगं..."

बाईने बादली उचलली होती. एका पायरीवर थांबून तिने लांबूनच मान वाकडी करून बघितलं.

"दोन मुळं शाबूत आहेत," ती म्हणाली. "जगेल ते." आणि खालच्या मजल्याची पायरी पुसायला गेली.